चाळीस ओवलेल्या सुया: महालातल्या पिको-फॉलवाल्या काकूंना

काकू, नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, तुमची नात मोबाईलवर वाचून दाखवेल, आणि तुम्ही मध्येच "बस झालं आता, बंद कर" म्हणाल हे पण मला माहीत आहे. तर बाळा, तू थांबू नको, शेवटपर्यंत वाच. समोर बसून सांगायला जाते तर माझाच गळा भरून येतो आणि तुम्ही लगेच चहा टाकायला उठता, मागच्या दोन्ही वेळा हेच झालं. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून टाकते.

परवा लेक पुण्याला गेली, शिकायला. बॅग भरताना सगळ्यात आधी तिने गोधडी ठेवली आणि मग बाकीचं तिच्या आजूबाजूला कोंबलं. ही गोधडी मी ती पोटात असताना सुरू केली होती. म्हणजे अठरा वर्षं झाली काकू. बाळाच्या दुपट्यासाठी म्हणून कापड जमवलं, मग म्हटलं दुपटं लहान होईल, मोठीच करू, मग आई गेली, मग नोकरी, सासऱ्यांचं आजारपण, आणि ती तशीच घडी घालून दिवाणात गेली. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा साडेतीनवर गेला होता ना, त्या रात्री पोरगी दोन ब्लँकेटं घेऊन कुडकुडत होती आणि तिची गोधडी दिवाणात तिच्याच गादीखाली अर्धवट पडलेली होती. त्या रात्री मला झोप नाही आली.

आणि ती गोधडी एकटी नव्हती. दिवाणात आणि आईच्या लोखंडी पेटीत मिळून पाच अर्धवट कामं होती, आणि कापड किती ते विचारूच नका. आईची नागपुरी सुती नऊवारी, इतवारीतून घेतलेली, आपल्या कोष्ट्यांच्या मागावरची, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. सासूबाईंच्या पाचवारी. बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते, त्यांनी आणलेलं मांजरपाट तर पेटीच्या अगदी तळाशी, अजून त्याला मिलची घडी होती. टाटांनी १८७७ साली सुरू केलेली मिल, ती बंद पडली, तिथे मॉल झाला, माझ्या पेटीत ते चार मीटर कापड मात्र तसंच. वरून मी स्वतः गांधीबागेतून आणलेले कटपीस, कारण दुकानात गेलं की हात राहत नाही आणि वाटतं आता या वेळी नक्की पूर्ण करू. क्विल्टिंग करणाऱ्या परदेशी बायका अशा जमवलेल्या कापडाला स्टॅश म्हणतात आणि राहून गेलेल्या कामाला यूएफओ, अनफिनिश्ड ऑब्जेक्ट, लेकीने मला युट्यूबवर दाखवलं. आपल्याकडे दोन्हीला पसाराच म्हणतात.

मी कोणाकडे मदत मागितली नाही असं नाही हो. खूप मागितली. एका नावाजलेल्या बुटीकवाल्या बाईंकडे आईचं लुगडं आणि अर्धी झालेली गोधडी दिली, दीड हजार ॲडव्हान्स घेतला, आठ महिने फोन उचलला नाही, आणि परत दिलं तेव्हा वरून सरळसोट मशीन मारलेली आणि लुगड्याचा पदर गायब. म्हणे फाटका होता म्हणून टाकला. फाटका होता तो. आईने मला त्याच पदराने तोंड पुसलंय, फाटणार नाही तर काय. मी त्या बाईंना काहीच बोलू शकले नाही, रिक्षात बसून घरी आले आणि पिशवी उघडलीच नाही वर्षभर. नंतर एका क्लासला गेले, तिथे सांगितलं की हे जुनं कापड चालणार नाही, आमच्याकडचंच किट घ्यावं लागेल. अहो, गोधडी जुन्याचीच असते, म्हणून तर ती अंगाला लागते! बंगालचा कांथा घ्या, बिहारची सुजनी घ्या, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी घ्या, सगळ्या जुन्या वापरलेल्या कापडावरच उभ्या आहेत. आणि घरचे, नातेवाईक, ते तर एकच सांगायचे, बोहारणीला देऊन टाक, दोन स्टीलचे डबे तरी येतील. एक जण तर माझ्यासमोर दुसरीला म्हणाली की हिला सुरू करायची हौस आहे, संपवायची नाही. ते वाक्य मला फार लागलं, कारण सगळ्यांना तेच वाटत होतं आणि मी पण तेच धरून चालले होते.

खरं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांना पण नाही. मला सुई ओवता येत नव्हती. उजव्या डोळ्यासमोर दोन-तीन वर्षांपासून दुधाळ पडदा, चष्मा बदलून पण सुईचं नेढं दिसायचं नाही. टाका हाताला कळतो, धावदोरा तर मी डोळे मिटून घालेन, पण नेढ्यात दोरा जाईल तेव्हा ना. दुपारी घरी कोणी नसताना मी खिडकीत उभी राहून पंधरा-पंधरा मिनिटं दोरा ओला करून करून प्रयत्न करायची, ती पत्र्याची ओवणी मिळते ना, बाईचा चेहरा उठवलेली, ती पण आणली, तिची तार दोनदा तुटली. मग घडी घालून ठेवून द्यायचं. आई सत्तरीत कंदिलाच्या उजेडात सुई ओवायची आणि मी पन्नाशीत ट्यूबलाइटखाली हरले, हे कोणत्या तोंडाने सांगणार? त्यापेक्षा आळशी म्हणवून घेणं सोपं वाटलं.

तुमच्याकडे मी आले ते लेकीच्या फेअरवेलच्या साडीला फॉल-पिको करायला. तुमच्या स्टुलावर घडी घालून ठेवलेली गोधडी दिसली, मी नुसता हात लावला आणि म्हटलं, काठापासून आत शिवत आणली ना ही, आमची आई पण अशीच शिवायची. तुम्ही मशीन थांबवली. एवढंच झालं आणि पुढे अर्धा तास आपण बोलत बसलो, बाहेर गिऱ्हाईक उभं. मग तुम्ही म्हणालात, "पेटी दाखव ना मले. मी येतो सोमवारी, दुकान बंद रायते." मला वाटलं लोक म्हणतात तसं म्हणताय. सोमवारी दोन वाजता तुम्ही खरंच सिटी बसने महालातून मानेवाड्याला आलात, भर उन्हात, हातात पिशवी.

त्या दिवशी तुम्ही काय काय केलं ते सगळं लिहीत नाही. पेटी उपसली, प्रत्येक कापड हातात घेऊन "हे कोणाचं हाय?" विचारलं, टेरीकॉट आणि सिंथेटिक वेगळं काढलं कारण ते सरकतं आणि अंगाखाली घामाला पण बरं नाही, नवे कटपीस आधी धुवायला टाकायला लावले, आकसतात आणि रंग सोडतात म्हणून, आणि आईचं एक अख्खं नऊवारी उघडून दाखवलं की याचे चार तुकडे केले, दोन-दोन जोडले, की मोठ्या गोधडीची वरची आणि खालची दोन्ही अंगं एकाच लुगड्यात निघतात. हे मला आईने कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं.

मला लिहायचंय ते त्याच्या नंतरचं.

तुम्ही मला म्हणालात, घे, कोपऱ्यातून सुरू कर. मी सुई घेतली, दोरा घेतला, आणि नेहमीसारखं काहीतरी कारण काढलं, की थांबा आधी चहा करते. चहा घेऊन आले तर तुम्ही चटईवर पाय पसरून बसलेल्या, मांडीवर जुन्या टॉवेलची एक लांब पट्टी, आणि सुया ओवत होतात. एक, दोन, पाच, दहा. दोरा दोन हात, त्याहून लांब नाही कारण गुंता होतो, टोकाला गाठ मारून, सुई पट्टीत टोचायची आणि उरलेला दोरा तिच्यावर इंग्रजी आठासारखा गुंडाळायचा, की शेजारच्या दोऱ्यात अडकू नये. मग पुढची. तुम्ही माझ्याकडे पाहिलं पण नाही. डोळ्याला काय झालं विचारलं नाही, अरेरे केलं नाही, माझ्या बहिणीलाही असंच झालं होतं वगैरे काही नाही. बोलत होतात ते तुमच्या गल्लीतल्या नळाबद्दल. दोन पाकिटं संपवलीत, चाळीस सुया, पट्टीची गुंडाळी केली, साबणाची एक वडी मागून घेतली, सुई अडली तर तिच्यात टोचायची, सरसर जाते म्हणून, आणि जाताना गुंडाळी माझ्या हातात देऊन म्हणालात, "ह्या पुढच्या सोमवारपर्यंत पुरतीन."

काकू, तुम्ही गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि तिथेच खाली बसून रडले. दोन वर्षं मी जे घरातल्या माणसांपासून लपवलं ते तुम्हाला एका दुपारी कळलं, आणि कळलं हे मला कळू नये याची पण तुम्ही काळजी घेतली. मी फक्त पट्टीतून सुई काढायची आणि शिवायचं. दोरा संपला की ती रिकामी सुई दुसऱ्या टोकाला टोचायची आणि पुढची काढायची. इतकं सोपं होतं हो ते. त्या रात्री मी साडेबारापर्यंत बसले, चार सुया संपल्या, हे उठून पाहायला आले की लाइट का चालू आहे.

पुढच्या सोमवारी पण तेच. त्याच्या पुढच्या पण. आपण बोललो ते शिवण्याबद्दल, तुमच्या मालकांच्या गुडघ्याबद्दल, तर्री पोह्याबद्दल, आणि बोलता बोलता चाळीस सुया भरून व्हायच्या. आठ सोमवार! एकाही सोमवारी तुम्ही तो विषय काढला नाही. आठव्या सोमवारी मीच म्हटलं, काकू मला दिसत नाही नीट. तुम्ही म्हणालात, "माहीत हाय ना पोरी. डॉक्टरकडे कधी चाललो आपण?" आपण म्हणालात. दुसऱ्या दिवशी मी ह्यांना सांगितलं, मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं, आता सुईचं नेढं दिसतं. पण ऑपरेशनच्या आधीच गोधड्या झाल्या होत्या, हे लोकांना मी मुद्दाम सांगते, कारण सगळ्यांना वाटतं डोळा नीट झाला म्हणून कामं उरकली.

चार झाल्या. लेकीची, तिला चारी बाजूंनी आईच्या लुगड्याचे काठ. बुटीकवालीने खराब केलेली ती उसवून नीट केली, पदर काही परत आला नाही, पण मधल्या जागी सासूबाईंच्या जांभळ्या पाचवारीचा तुकडा लावला आणि आता ती सासऱ्यांच्या पलंगावर असते, ते दुपारी हात फिरवून तो तुकडा शोधतात. भाचीच्या बाळाला एक दुपटं, आतून मांजरपाट, म्हणजे बाबांच्या मिलचं कापड त्यांच्या पणतवाच्या अंगाखाली. आणि कटपीसची एक रंगीबेरंगी, ती माझी. दिवाण आता सताड उघडतो आणि खाली फरशी दिसते.

पैसे द्यायला गेले तर तुम्ही रागावलात. चिंध्यांचं एक बोचकं तेवढं नेलंत, उशीत भरायला.

मी हल्ली खूप विचार करते की मदत करणारे तर पुष्कळ भेटतात, पण बहुतेक जण मदत करताना आपल्याला जरा खाली बसवतात. सल्ला देतात, मी नसते तर काय केलं असतंस म्हणतात, चार जणांत सांगतात. आणि काही माणसं असतात, आमचा मेडिकलवाला भाऊ आहे, सासऱ्यांना गोळ्यांच्या पाकिटावर न विचारता मोठ्या अक्षरात सकाळ-रात्र लिहून देतो, त्यांना वाचता येत नाही असं कधी म्हणत नाही. एक रिक्षावाला आहे, शाळेतल्या पोरीला सोडलं की ती घरात जाऊन लाइट लागेपर्यंत गाडी चालू ठेवून उभा राहतो. ही माणसं कोणाच्या लक्षात पण येत नाहीत, त्यांचा सत्कार होत नाही, पण शहर त्यांच्यामुळे राहण्यासारखं आहे असं मला अगदी मनापासून वाटतं. तुम्ही त्यातल्या आहात काकू, आणि मला हे चार लोकांत सांगायचं होतं, तुम्ही रागावलात तरी.

पाचवं काम अजून राहिलंय, निळ्या चौकड्यांचं. पण आता त्याची भीती नाही वाटत, संक्रांतीनंतर काढू. आणि हो, तुमची ती मोठी काळी कात्री माझ्याकडेच राहिली, मांजरपाटाच्या घडीत सापडली, तुम्ही दुकानात शोधत असाल. रविवारी आणून देते, संध्याकाळी, सहाच्या आत.