मुलीस पत्र : धक्क्याला लागलेली 'कॅनबेरा'

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला क्रूझचा फोटो पाहिला. जहाज देखणं आहे. पण "बाबा, तुम्ही सांगायचात तशीच बोट" हे काही पटलं नाही. माझ्या लहानपणीच्या त्या मोठ्या बोटी फिरवून आणणाऱ्या नव्हत्या गं, पोचवणाऱ्या होत्या. माणसं त्यांच्यातून देश सोडून जायची.

आजोबांनी मला 'कॅनबेरा' दाखवली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पी अँड ओ कंपनीची ही बोट बेलफास्टला बांधलेली. १९६१ साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला पहिल्या सफरीवर निघाली. लांबी जवळजवळ २५० मीटर, आणि दोन पिवळी धुराडी पार मागे, शेजारीशेजारी. लांबून ती पांढरीशुभ्र दिसली. धक्क्यावर जवळ गेलो तर पत्र्यांचे जोड, रंगाचे थर, नांगराच्या भोकाखाली ओघळलेला गंज. प्रत्येक दोरखंडावर थाळीसारखी पत्र्याची चकती होती. उंदीर दोरावरून वर चढू नयेत म्हणून, असं आजोबांनी सांगितलं. त्या चकत्यांकडे मी किती वेळ बघत होतो!

वर गेल्यावर त्यांनी माझा हात धरून कठड्यावर ठेवला. बोट बांधलेली होती, तरी लाकूड बारीक थरथरत होतं. आत वीज तयार करणारी यंत्रं चालू होती.

मग भेटायला आलेल्यांना उतरवलं. वरून कागदी फिती सोडल्या. एक टोक डेकवरच्याच्या हातात, दुसरं खालच्याच्या. भोंगा असा वाजला की छातीत घुमला. बोट सरकली, फिती ताणल्या, तुटल्या. माझ्या शेजारच्या एक आजी हातात उरलेला हिरवा तुकडा बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत उभ्या होत्या.

पुढे जेट विमानांनी हा प्रवास तासांवर आणला आणि या बोटींचं कामच संपलं. 'कॅनबेरा'ने सहली केल्या, १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिनात झालेल्या युद्धात ब्रिटिश सैनिक नेले. १९९७ साली ती पाकिस्तानात गडानीच्या किनाऱ्यावर मोडायला नेली. बांधणी इतकी भक्कम, की मोडायला अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं.

आज संध्याकाळी डेकवर जाशील तेव्हा कठड्यावर तळहात टेकवून बघ. थरथर लागते का, ते कळव.

तुझे,
बाबा