मुलांची साक्ष मोठ्यांच्या तोंडून

संपादक महोदय,

शांतता प्रस्थापनेवर साक्ष द्यायला संसदीय समिती वस्ती पातळीवरच्या संघटनांना आणि बालहक्क गटांना बोलावते, हे चांगलेच. पण होते काय, तर जाडजूड निवेदन आधीच पाठवलेले असते, बोलायला पाच-सात मिनिटे मिळतात आणि त्यातलेही एखादे 'माननीय अध्यक्ष महोदय' म्हणण्यात जाते. शिवाय मुलांच्या वतीने बोलणारे सगळे चाळिशीच्या पुढचे!

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतील कलम १२ मुलांना स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देते. कलम ३९ युद्धात होरपळलेल्या मुलांना सावरण्याची जबाबदारी सरकारांवर टाकते. दोन्ही कलमे एकत्र वाचली, तर मुलांना वगळून शांततेचा आराखडा कसा करणार?

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन या देशाचे उदाहरण घ्या. तिथली यादवी २००२ मध्ये संपली. यादवीतल्या अत्याचारांची नोंद घेण्यासाठी नेमलेल्या सत्यशोधन आणि समेट आयोगाने मुलांचे जबाब घेतले, तेही बंद दाराआड, नावे गुप्त ठेवून. २००४ मध्ये मुलांसाठी सोप्या भाषेत, चित्रांसह वेगळा अहवाल निघाला आणि तो घडवण्यात मुलांचाही हात होता. उंच व्यासपीठ, कॅमेरे आणि हनुवटीच्या वर येणारा माइक यांपुढे कोणते मूल मोकळे बोलेल? समितीनेच त्यांच्याकडे जावे, जमिनीवर बसावे.

आणखी एक. निवेदनाची पोच तत्परतेने मिळते. शिफारशींचे पुढे काय झाले, हे मात्र त्याच गटांना वर्तमानपत्रात शोधावे लागते.

– एक वाचक