राणीचे पाचशे रुपये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

२० जुलैच्या रविवार पुरवणीतलं श्रावणाचं पान वाचलं. अर्ध्या पानावर उपवासाच्या पदार्थांच्या कृती, उरलेल्या अर्ध्यावर 'सोळा सोमवार करताय? हे २१ नियम पाळाच' अशी चौकट. पाककृतींबद्दल माझं काही म्हणणं नाही. वरईच्या डोशात दही जास्त सांगितलंय, ते करणाऱ्याला तव्यावर कळेलच. पत्र लिहिते आहे ते चौकटीबद्दल.

मी सदाशिव पेठेत १९ वर्षं मेस चालवते. सध्या ४२ डबे, बहुतेक स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली. गेल्या वर्षी मी सोळा सोमवार केले. ५ ऑगस्ट २०२४ला श्रावण सोमवारीच लागला, त्या दिवशी धरले. १८ नोव्हेंबरला सोळावा झाला, २५ला उद्यापन. कशासाठी धरले ते मात्र विचारू नका. पोळ्यांच्या मावशींनी मुलाचं लग्न धरलं, शेजारच्यांनी जागेचा दावा धरला, माझ्या जावेनं तर थेट माझं वजन धरलं. ज्याला सांगायचं त्याला सांगितलं आहे.

दिवसभर दुसऱ्यांसाठी रांधणाऱ्या बाईला उपवासात भूक फारशी छळत नाही. फोडण्यांच्या वासानंच निम्मं पोट भरतं. खरी अडचण मिठाची. सोळा सोमवारांत त्या दिवशी मीठ वर्ज्य, म्हणजे चाखायलासुद्धा नाही, आणि १९ वर्षं मी आमटी हातावर थेंब घेऊन चाखत आले आहे. पहिले दोन सोमवार अंदाजावर निभावले. तिसऱ्या सोमवारी राखी होती, नारळीभाताची घाई होती. आमटीत मी मीठ घातलं आणि भाताकडे वळले. मावशींना वाटलं बाईंनी उपवासाच्या नादात मीठ विसरलं, त्यांनीही घातलं. दुपारी एक मुलगा डबा परत द्यायला आला, म्हणाला, "काकू, नारळी पौर्णिमा म्हणून आज समुद्रच वाढलात का?" त्या रात्री मी ओट्यामागच्या फरशीवर खडूनं लिहून ठेवलं: तूरडाळ अडीच किलो, मीठ लहान वाटीनं सपाट दोन, घालणार मावशी. ती ओळ अजून पुसलेली नाही. उपवास करणाऱ्या बायकांना मीठ वासावरून कळतं असं म्हणतात. मला सोळा सोमवारांत एकदाही कळलं नाही.

त्याच आठवड्यात मुलं परीक्षेच्या तारखेसाठी शास्त्री रस्त्यावर बसली होती. मंगळवारी रात्री बसली ती गुरुवारी उठली. आमचे निम्मे डबे तिकडेच जात होते. २५ ऑगस्टची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे गेली आणि शेवटी १ डिसेंबरला झाली. हे सांगायचं कारण, माझ्याकडे जेवणारी सोलापूरकडची एक मुलगी. परीक्षा लांबली तशी ती फार हबकली. घरून फोन येत होते, पैसे संपत आले होते. माझं बघून तिनंही सोमवार धरले. मला आधी सांगितलं नाही, सोमवारी डबा नको एवढंच म्हणाली. मी समजले साबुदाणा वगैरे करत असेल खोलीवर.

७ ऑक्टोबरला, नवरात्रातल्या सोमवारी, ती अभ्यासिकेच्या जिन्यात पडली. मुलांनी तिला माझ्याकडे आणलं, मी डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन साडेआठ. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या त्या चालू आहेत ना? तर सोमवारी गोळी बंद, आणि नवरात्र बसल्यापासून रोजच बंद. पाणीही सोमवारी सूर्यास्तानंतरच. "पाणी सोडायला कुणी सांगितलं?" या प्रश्नावर तिनं मोबाइलमधला एक फोटो दाखवला. वर्तमानपत्रातली चौकट. तेव्हाची चौकट आपल्याच अंकातली होती असं मी म्हणत नाही, फोटोत वर्तमानपत्राचं नाव कापलेलं होतं. पण यंदाच्या आपल्या चौकटीतला चौथा नियम ('पाण्याचा थेंबही घेऊ नये') आणि चौदावा ('औषध घेतल्यास व्रत खंडित होते') त्या फोटोतल्या शब्दांशी जुळतात. कुणी कुणाचं उतरवलं देव जाणे.

आता माझ्या घरची पोथी. सासूबाईंची आहे, कव्हर गेलेलं, पानांवर तुपाचे डाग. तिच्यात या व्रताचा विधी पाच-सहा ओळींत संपतो. दिवसभर उपास करावा, संध्याकाळी आंघोळ करून शंकराची पूजा करावी, बेल वाहावा, अर्धा शेर कणकेचा तूप-गूळ घालून चूर्मा करावा, त्याचे तीन भाग करावेत, एक देवाला, एक दुसऱ्यांना, एक आपण घ्यावा. मीठ खाऊ नये. सतराव्या सोमवारी पाच शेरांचा चूर्मा देवळात न्यावा. पाण्याबद्दल अक्षर नाही. काळे कपडे, केस धुणं, गादीवर झोपणं यांबद्दल नाही. आपल्याकडे २१ नियम झाले, पुढच्या श्रावणात पंचवीस होतील. (पाळी आली तर तो सोमवार धरत नाहीत, पुढचा धरतात, हे बायका एकमेकींना तोंडी सांगत आल्या आहेत. मी त्या भानगडीतून सुटले आहे म्हणून सोळा सलग झाले. आपल्या चौकटीत मात्र 'एकही सोमवार चुकल्यास पहिल्यापासून सुरुवात करावी' असं आहे. लिहिणारा गृहस्थ पुरुष असावा.)

मुलगी पडली त्याच्या पुढच्या सोमवारी मी ओंकारेश्वराला गेले तेव्हा तिथे येणाऱ्या एका वयस्कर गुरुजींना स्पष्टच विचारलं, गोळी घेतली तर मोडतं का हो? त्यांनी मला 'अष्टौ तान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः' म्हणून दाखवलं आणि पुढची ओळही. महाभारतात उद्योगपर्वात आहे म्हणाले. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, होमाचं हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. सुरुवात पाण्यानं, शेवट औषधानं. म्हणजे आपल्या चौथ्या आणि चौदाव्या नियमाचं उत्तर एकाच श्लोकाच्या दोन टोकांना आहे. मी त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि त्या मुलीच्या डब्यात ठेवलं. त्या संध्याकाळपासून गोळी सुरू झाली. माझ्या सांगण्यानं झाली नसती. मी डबेवाली काकू, आणि डॉक्टरीणबाई 'त्यांना काय कळतं व्रतातलं' अशा.

कोपाबद्दलही बोलते, कारण आपली चौकट 'अन्यथा विपरीत फळ' या शब्दांनी संपते. कहाणीत कोप नाही असं नाही. राणीला राज्याबाहेर काढतात, ती जाईल तिथे नुकसान होतं, म्हातारीचं सूत वाऱ्यानं उडतं, तेल्याच्या घागरी फुटतात. पण तिनं केलं काय होतं? पाणी प्यायलं होतं? गोळी घेतली होती? राजानं उद्यापनाला पाच शेर कणकेचा चूर्मा देवळात पाठव म्हणून निरोप धाडला. तिला वाटलं, राणीनं चूर्मा पाठवला तर लोक हसतील. म्हणून तिनं तबकात पाचशे रुपये भरून पाठवले. एवढंच. सबंध कहाणीत देव रागावला तो कणीक मळायची लाज वाटली म्हणून, आणि खाण्याऐवजी पैसे पाठवले म्हणून. मी पन्नास वेळा ऐकलेली कहाणी, पण हे मला गेल्या वर्षीच, आठव्या की नवव्या सोमवारी, खलबत्त्यापाशी बसून वाचताना जाणवलं.

कारण चूर्मा हेच या व्रतातलं खरं काम आहे. अर्धा शेर म्हणजे अर्ध्या किलोला थोडी कमी कणीक. तुपाचं मोहन, पीठ घट्ट, मीठ नाही. जाड पोळ्या मंद आचेवर, मधे कच्च्या राहता कामा नयेत. मग गरम असतानाच मोडून कुटायच्या, गार झाल्या की चामट होतात. किसलेला गूळ हातानं चोळायचा, शेवटी तूप. तळहात लाल होतात. तिसरा भाग माझा, पहिला देवाचा, मधला कुणाचा हा पहिल्या सोमवारी प्रश्न पडला. तो मी ४२ डब्यांत वाटला. बटर पेपरच्या पुड्या, डब्याच्या झाकणात. मोजून चिमूटभर येई. एका मुलानं सांगितलं, काकू मी प्रसाद घेत नाही. त्याच्या झाकणात मी गुळाचा खडा ठेवत गेले, त्याला त्याची हरकत नव्हती.

२८ ऑक्टोबरला पंचाईत झाली. तेरावा सोमवार आणि वसुबारस एकाच दिवशी. आमच्याकडे वसुबारसेला बायका गहू खात नाहीत, आणि चूर्मा गव्हाचा. वाड्यातल्या आजी म्हणाल्या वरईचा कर. गुरुजी म्हणाले गव्हाचाच करा, देवाला दाखवा, तुमचा वाटा दुसऱ्या दिवशी घ्या. मी तसं केलं, आणि रात्री दूधही चालेना म्हणून दोन केळी खाऊन झोपले. गुरुजींनी हे सांगायला दहा सेकंदं घेतली, अगदी सहज, जणू रोज कुणीतरी विचारतंच. जुनी माणसं नियम जाणतात म्हणून त्यांना तो वाकवता येतो. चौकटीला वाकता येत नाही.

उद्यापनाच्या वेळी मात्र मी राणी व्हायची राहिले. मावशी २० नोव्हेंबरला मतदानाला गावी गेल्या त्या आठवडाभर आल्याच नाहीत. पोळ्या मीच लाटत होते. पाच शेर म्हणजे, ऐंशी तोळ्यांचा शेर धरला तर, साडेचार किलोंच्या वर कणीक. रविवारी रात्री मोबाइलवर एक जाहिरात आली, 'उद्यापन पॅकेज': चूर्मा, बेल, पूजा, आणि पूजेचा व्हिडिओ घरबसल्या. आकडा चार अंकी होता. अंगठा बटणापर्यंत गेला होता. मग ते तबक आठवलं आणि मला एकटीलाच हसू आलं.

सोमवारी दुपारी ती मुलगी आणि आणखी दोघं आले. परीक्षा सहा दिवसांवर. मी रागावले, पण परत पाठवलं नाही, खोटं कशाला सांगू. मिक्सर दुसऱ्या किलोलाच तापून बंद पडला. मग खलबत्ता आणि पाटा-वरवंटा. एकजण कुटताना घटनादुरुस्त्या पाठ म्हणत होता, प्रत्येक घावाला एक. बेचाळिसावीला कणीक बाहेर उडाली. संध्याकाळी दोन पातेली रिक्षातून देवळात नेली. एक देवळात वाटलं, दुसऱ्यातलं डब्यांत आणि घरी.

माझी विनंती एवढीच. यंदा पहिला श्रावणी सोमवार २८ जुलैला आहे. त्याआधीच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, पाणी आणि औषध यांनी व्रत मोडत नाही हे छापावं. आजारी, गरोदर आणि गोळ्या चालू असलेल्या बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं हेही. श्लोक हवा असेल तर मी गुरुजींच्या अक्षरातला कागद पाठवते, त्याला तुपाचा एक डाग आहे. आणि जागा उरली तर राणीचं छापा.

ती मुलगी याही वर्षी सोमवार धरणार म्हणते आहे. तिला पोथी दिली आहे, विधीचं पान दुमडून. आपली ती पुरवणी तिच्या हाती लागायच्या आत मी मसाल्याच्या फडताळात अंथरली. चौकट खालच्या बाजूला.

आपली नियमित वाचक,
डबेवाल्या काकू
सदाशिव पेठ, पुणे
२२ जुलै २०२५