मिरामारच्या शर्यतीपर्यंत मला पोचवणाऱ्यांना

गोव्याची आयर्नमॅन ७०.३ तोंडावर आलेली आणि नवी ट्रायथलॉन सायकल घ्यायची, हे धाडस तुमच्याच भरवशावर केलं. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहून झालं की ९० किलोमीटर सायकलवर ओणवं राहायचं आणि लगेच २१.१ किलोमीटर पळायचं. बैठक जराशी चुकली तरी कंबर पळताना सगळं वसूल करते.

पुण्यातल्या दुकानातल्या ताई, तुमच्या मापाची फ्रेम आमच्याकडे नाही असं सरळ सांगून तुम्ही दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिलात. दारात आलेलं गिऱ्हाईक असं कोण पाठवतं?

फिटिंग करणाऱ्या दादांचे तर किती आभार मानू! सीट पुढे सरकवली, एरोबारखालचा (ओणवं होऊन हात टेकायच्या दांड्यांखालचा) उंची वाढवणारा स्पेसर काढला, पुन्हा घातला, कोपरांच्या गाद्या जवळ आणल्या, दर वेळी गुडघ्याचा कोन मोजला. मला सगळं ठीक वाटत होतं, पण डावा खांदा चढलेला त्यांना दिसला. "पोटाला श्वास घ्यायला जागा हवी," म्हणत त्यांनी पुढची बाजू उचलली. सवय व्हायला वेळ नव्हता, म्हणून मुद्दाम फार खाली वाकवलं नाही. केवढी ही जाण!

आणि पणजीत, प्रवासात वाकलेला डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारा भाग ज्यावर बसवतात तो तुकडा) रात्री हॉटेलच्या अंगणात सरळ करून देणाऱ्या मित्रा, तुझी स्वतःची सायकल अजून खोक्यातच होती. तू पैसे घेतले नाहीस, नावही सांगितलं नाहीस. गिअर शेवटपर्यंत एकदाही अडकला नाही, हे तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहितोय. मनापासून आभार!