छायाचित्राखाली नाव तरी छापा!

संपादक महोदय,
स. न.

आपला अंक हाती आला की मी आधी फोटो पाहतो, मथळे मागाहून. ही सवय जुनी आहे आणि त्याबद्दल घरात बोलणीही खाल्ली आहेत. गेल्या आठवड्यात पहिल्या पानावर खंड्याचा फोटो होता. पक्षी नुकताच पाण्यातून वर आलेला, चोचीत आडवा धरलेला मासा, पंखांवरून उडालेले थेंब मण्यांसारखे हवेत थांबलेले. चहा निवला तरी मी त्याच पानावर होतो. मग खाली बारीक टाइपात वाचले, ‘छायाचित्र : सौजन्य इंटरनेट’. इंटरनेट नावाचा कोणी गृहस्थ पहाटे उठून चिखलात पोटावर पडून राहिला असेल, असे मला तरी वाटत नाही.

असा फोटो पाहिला की आपण पटकन म्हणतो, ‘काय टायमिंग आहे!’ म्हणजे सगळे श्रेय बोटाला. पण बोट दाबायच्या आधी तो माणूस कुठे उभा होता, हे कोण विचारतो? 25 मे 1965 च्या त्या मुष्टियुद्धाचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. सनी लिस्टन आडवा पडलेला आणि मुहम्मद अली हात वळवून वरून त्याच्यावर ओरडतोय. तो टिपणारा नील लायफर तेव्हा अवघा 22 वर्षांचा होता. नीट पाहिले तर अलीच्या दोन पायांमधून रिंगणाच्या पलीकडे बसलेला आणखी एक छायाचित्रकार दिसतो. तो हर्ब शार्फमन, चांगला मुरलेला माणूस. क्षण तोच, कॅमेरा त्याच्याही हातात, पण त्याच्या वाट्याला आली अलीची पाठ. जगातल्या एका गाजलेल्या फोटोत तो आहे, पण चुकीच्या बाजूला! मला अलीपेक्षा त्याच्याकडेच जास्त वेळ बघावेसे वाटते.

अमेरिकी छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सची गोष्ट याहून वेगळी. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या खेड्याजवळून ते संध्याकाळी गाडीने परतत होते. दिवस फुकट गेलेला. एकदम दिसले, की पूर्वेला चंद्र वर आलाय आणि मावळतीचे ऊन दफनभूमीतल्या क्रुसांवर पडले आहे. गाडी थांबवली, अवजड कॅमेरा कसाबसा तिकाटण्यावर चढवला आणि प्रकाशमापक काही सापडेना. चंद्राची प्रखरता किती असते ते त्यांना पाठ होते. त्या आकड्यावरून मनातल्या मनात हिशेब केला आणि एक निगेटिव्ह घेतली. दुसरीसाठी तयारी करेपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेले होते. गंमत म्हणजे हा क्षण नेमका कधीचा, हे खुद्द अॅडम्सना आठवत नव्हते. चित्रातल्या चंद्राच्या जागेवरून खगोलशास्त्रज्ञांनी पुढे तारीख काढली, 1 नोव्हेंबर 1941. आणि त्या एका निगेटिव्हच्या प्रती ते पुढे कितीतरी वर्षे डार्करूममध्ये बनवत राहिले, आकाश दर वेळी थोडे अधिक काळे करत. क्षण टिपला दोन मिनिटांत, तो मनासारखा उतरायला दशके लागली.

‘निर्णायक क्षण’ हा शब्द ज्यांच्या नावाला कायमचा चिकटला, ते फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ. त्यांच्या 1952 च्या पुस्तकाचे मूळ फ्रेंच नाव मात्र ‘घाईगडबडीत, गुपचूप घेतलेली चित्रे’ अशा अर्थाचे होते. भारदस्त नाव इंग्रजी आवृत्तीला मिळाले आणि जगाने तेच उचलले. डबक्यावरून उडी मारणारा माणूस, टाच पाण्याला टेकायच्या बेतात, हा त्यांचा 1932 चा पॅरिसमधला फोटो कुंपणाच्या फटीत लेन्स घालून घेतलेला आहे. डावीकडे फळी आडवी आली म्हणून तेवढा भाग पुढे कापावा लागला. एरवी ते फोटो कापण्याच्या ठाम विरोधात. मला फ्रेंच नाव जास्त प्रामाणिक वाटते.

आमच्या वडिलांचा कॅमेरा रोलचा होता. एका रोलमध्ये 36 फोटो. शेवटचा एक ते ‘काहीतरी चांगले दिसेल’ म्हणून राखून ठेवत. एकदा रोल धुऊन आला तेव्हा त्या शेवटच्या फोटोत त्यांचाच बूट निघाला. आता तसे काही उरले नाही. फोन एका सेकंदात डझनभर फोटो काढतो, आणि काही फोन तर बटण दाबण्याच्या आधीचे दृश्यही साठवून ठेवतात. नातू डबक्यात उडी मारणार होता तेव्हा मीही बोट दाबूनच धरले. घरी येऊन मोजले तर 64 फोटो. त्यात उडीचा अगदी नेमका फोटो होता, दोन्ही पाय अधांतरी, तोंड उघडे. पण मी जपून ठेवला तो त्याच्या कितीतरी आधीचा. तो काठावर उभा आहे, चड्डी दोन्ही हातांनी वर धरली आहे आणि पाण्याकडे असा बघतोय, जणू खोलीचा अंदाज घेतोय. त्या फोटोत काहीच घडत नाही. सुनेचे मत अर्थातच उडीच्या बाजूने पडले. सांगायचे एवढेच, की क्षण हुकण्याची भीती गेली, तरी 64 मधून कोणता ठेवायचा ही डोकेदुखी उरलीच.

म्हणून माझी विनंती अशी, की छायाचित्रकाराचे नाव फोटोखाली वाचता येईल एवढ्या टाइपात छापावे. ‘संग्रहित’ म्हणजे कोणी, कधी संग्रहित केलेले? बातमीला बायलाइन असते, अग्रलेखामागे कोण ते आम्ही ओळखून असतो, मग फोटोच तेवढा पोरका का? भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले जात. तो काळ गेला, पण निदान तिथे कोणाचे तरी नाव होते! आणि आता तर एकही कॅमेरा न वापरता हवा तसा खंड्या, हवा तसा मासा संगणकावर बनवून मिळतो. अशा वेळी फोटोखाली माणसाचे नाव आणि कुठे, कधी टिपला याची एक ओळ असली, तर आम्ही वाचक निर्धास्तपणे ‘वा!’ म्हणू शकतो.

जमल्यास रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा एखाद्या चांगल्या फोटोच्या आगेमागे काढलेले, नाकारलेले फोटोही छापून पाहा. एक जाहिरात कमी घ्यावी लागेल, हे मान्य.

आणि खंड्याच्या त्या फोटोमागचे नाव सापडलेच, तर दिलगिरीच्या चौकटीत का होईना, पण छापा. त्यांना मला एवढेच विचारायचे आहे, की त्या सकाळी रिकाम्या चोचीने वर आलेल्या डुबक्या किती झाल्या?

आपला,
एक जुना वाचक