बॉटनिकल गार्डनला फक्त बहरातच कशाला?

मा. संपादक, स.न.वि.वि.
बहर आला की लोक बॉटनिकल गार्डनमधे गर्दी करतात, फोटो काढतात आणि मग वर्षभर तिकडं फिरकत नाहीत, हे काही पटत नाही बुवा. एकच झाड धरा आणि दर महिन्याला त्याला भेटून या. पानगळीत ते बोडकं झालं की उलट जास्त मजा, सालीची नक्षी, फांद्यांची ठेवण, कुठं घरटं होतं ते सगळं दिसतं आणि बऱ्याच झाडांवर पुढच्या सीझनच्या कळ्या आधीच येऊन बसलेल्या असतात. पान पिवळं पडतं तेव्हा तो पिवळा रंग नवा नसतो बरं का, आत असतोच, हिरवं क्लोरोफिल मोडलं की उघडा पडतो. लाल मात्र बहुतेकदा तेव्हाच तयार होतो. इटलीत पादुआच्या गार्डनमधे (ते १५४५ चं!) १५८५ साली लावलेला एक पाम अजून उभाय, किती ऋतू बघितले असतील त्यानं. आणि झाडाजवळची पाटी वाचत जा हो, लॅटिन नाव अवघड वाटतं पण कोण कुणाचं भाऊबंद ते त्यावरूनच कळतं. पावसात गेलात तर शेवाळं बघायला खाली बसा, कपडे खराब होतात, होऊ देत.
– एक वाचक