शिकागोचा गेम

प्रिय नित्या,

चार महिने ना पत्र, ना फोन. चूक माझीच. तब्येत बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. आज लिहितोय कारण जे झालं ते घरात कुणाला सांगून कळणार नाही.

शिकागोच्या टोळीवाल्यांवरचा तो गेम अखेर घेतला. आठवतंय, ट्रेलर बघून तू म्हणालास, "हा आपल्यासाठीच बनवलाय." वरून दिसणारा नकाशा, पाच जणांची टोळी, पहारेकऱ्यांच्या नजरेचे हिरवे त्रिकोण, दारूबंदीचा काळ. शुक्रवारी रात्री दार लावून बसलो.

तिसऱ्याच मिशनला मन उतरलं. दारूचं गोदाम, आत चौदा जण. अर्धा तास मी नुसता बघत होतो, कोण कुठे वळतो, कोण सिगारेट पेटवायला थांबतो. पहिल्याला गुपचूप उचलला. दुसऱ्याच्या वेळी पाय वाजला आणि भोंगा झाला. सेव्ह केलेल्या जागेपासून पुन्हा लोड करणार, तेवढ्यात दिसलं की सगळे एकाच दारातून एकामागे एक बाहेर येताहेत. टॉमी गनवाल्याला दाराशी बसवला आणि बटण दाबून धरलं. मिशन फत्ते! मग तो अर्धा तास मी कशाला घातला रे?

आपल्या जुन्या कमांडोजमध्ये, त्या महायुद्धातल्या लपाछपीच्या गेममध्ये, भोंगा वाजला की पोटात गोळा यायचा. त्रिकोणाच्या लांबच्या पट्ट्यात सरपटत गेलं तर शिपायाला दिसत नाही, हे कळलं तेव्हा तू खुर्चीवर उभा राहिला होतास. (शिपाई वळत असताना सेव्ह तूच केलं होतंस. पाणबुड्याचं ते मिशन पहिल्यापासून खेळावं लागलं. मी अजून विसरलेलो नाही.)

राग याचा आहे की लपाछपीला युद्धापेक्षा शिकागोच जास्त शोभलं असतं. १९२९ चा व्हॅलेंटाइन डे घे. पोलिसांच्या वेशात माणसं गॅरेजमध्ये शिरली, आतल्या सात जणांना वाटलं नेहमीची धाड, ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मारले गेले. म्हणजे कमांडोजमधल्या आपल्या हेराचीच युक्ती! चोरट्या गुत्त्याच्या दारातली ती फट, लाच खाल्लेला हवालदार, गर्दीत उघड बसून लपणं, केवढा माल होता. शिकागोच्या टोळीचा म्होरक्या अल कपोन, त्यालासुद्धा १९३१ मध्ये शेवटी आयकराच्या वह्यांनी अडकवलं, गोळीने नाही. आणि या गेममध्ये वेश बदलायची सोय एकदाच, तीही शिकवणीच्या मिशनला.

दोन दिवस मला वाटत होतं, आपलाच धीर संपला. हे तुझ्याशिवाय कुणाला बोलणार? म्हणून परवा जुना कमांडोज लावला, १९९८ चाच. पहाटे तीनपर्यंत एका पहारेकऱ्यामागे होतो, आणि एकदाही घड्याळ पाहिलं नाही. धीर शाबूत आहे, नित्या. बरं वाटलं, इतकं की तेव्हाच तुला उठवणार होतो.

वाईट एवढंच की असले गेम करणारे उरलेत किती? शॅडो टॅक्टिक्स आणि डेस्परॅडोज ३ करणाऱ्या मिमिमी कंपनीने २०२३ मध्ये काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. मग एखादा नवा आला की आपण जीव टाकतो, आणि तो असा निघतो.

तुझी बदली झाली का? आईंचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळलं, त्यांना नमस्कार सांग. पोरीच्या निकालाचं कळव.

सुट्टी काढून ये. शॅडो टॅक्टिक्स तू अर्धाच सोडला आहेस, तो पुरा करू. माउस तुझ्याकडे, सेव्हचं बटण माझ्याकडे.

तुझा,
पक्या